१९७८ मध्ये चीनने माओला खरंच मागे टाकलं का?

प्रश्न असा आला आहे: माओच्या राजवटीत चीन कंगाल होता, डेंग झियाओपिंग आले, बाजार खुला झाला आणि देश श्रीमंत झाला. मग माओच्या काळाचं, आणि त्याआधी परकीयांनी चीनला लुबाडलं त्या शतकाचं, आजच्या चीनमध्ये प्रत्यक्ष काही उरलं आहे का? की ते नेत्यांच्या भाषणांपुरतंच आहे?

उरलं आहे, आणि ते भाषणांपेक्षा जमिनीच्या कागदांत, पगाराच्या आकड्यांत आणि बढतीच्या यादीत जास्त दिसतं. मी औद्योगिक सुट्या भागांच्या खरेदीच्या कामात बरीच वर्षं आहे. झेजियांग आणि ग्वांगडोंग या किनाऱ्यावरच्या प्रांतांमधल्या कारखान्यांत आणि तिथल्या स्थानिक अधिकाऱ्यांबरोबरच्या बैठकांत बसणं हा त्या कामाचाच भाग. तिथे जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरं शोधताना मागे जात जात १९५३ ते १९५८ या काळापर्यंत जावं लागलं. जमीन व्यक्तीची नाही, माणूस जन्मगावाच्या नोंदीला बांधलेला आणि प्रत्येक पातळीवर पक्षाच्या सचिवाचा शब्द अखेरचा, ही रचना त्या वर्षांत पक्की झाली. १९७८ नंतर ती मोडली नाही. बाजार तिच्यावरच उभा केला. चीनची भरभराट तिथूनच आली आणि आजचं दुखणंही तिथलंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण सुरुवात त्याही आधीपासून करायला हवी.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने ब्रिटनला हाँगकाँग दिलं, २ कोटी १० लाख डॉलर दंड कबूल केला आणि ग्वांगझौ, शियामेन, फुझौ, निंगबो, शांघाय ही पाच बंदरं उघडली. त्यापाठोपाठ आयातीवरची जकात सुमारे ५ टक्क्यांवर गोठवली गेली. स्वतःच्या देशात येणाऱ्या मालावर किती जकात लावायची हे ठरवण्याचा पूर्ण हक्क चीनला १९२८-३० पर्यंत परत मिळाला नाही. चीनचं जकात खातं चालवत होता रॉबर्ट हार्ट हा परदेशी माणूस, १८६३ पासून १९११ पर्यंत. १८९५ मध्ये जपानकडून हरल्यावर २० कोटी तेल (तेल म्हणजे तिथलं वजन, सुमारे सव्वातीन तोळ्यांचं) चांदीचा दंड आणि तैवानवर पाणी; १९०१ मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर ४५ कोटी तेल, ३९ वर्षांच्या हप्त्यांनी.

यातला आपला संबंध मराठी वाचकाने विसरू नये. माळव्याची अफू मुंबई बंदरातून ग्वांगझौला जात असे. मुंबईतल्या जमशेटजी जीजीभॉय आणि ससून या घराण्यांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा मोठा वाटा होता. मुंबईचं जे. जे. रुग्णालय आणि पुण्याचं ससून या देणग्यांमागे तो पैसाही आहे. पुढे १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये वैद्यकीय पथकासोबत गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांचं नाव आजही आदराने घेतात. अफूची पेटी आणि कोटणीसांची शस्त्रक्रियेची पेटी, दोन्ही मुंबईच्याच बंदरातून गेल्या.

या शतकाचा आर्थिक वारसा कुठे दिसतो? १९८० मध्ये शेन्झेन, झुहाई, शांतौ आणि शियामेन हे विशेष आर्थिक विभाग निघाले; १९८४ मध्ये किनाऱ्यावरची आणखी १४ शहरं परकीय गुंतवणुकीला खुली झाली. दोन्ही याद्या एकत्र ठेवून पाहा. १८४२ ची पाचही बंदरं त्यात आहेत. चेन युन यांच्यासारखे ज्येष्ठ नेते या विभागांबद्दल साशंक होते, आणि परकीयांच्या जुन्या वसाहती पुन्हा आल्या अशी टीका पक्षात उघड होत होती. म्हणूनच अटी उलट्या ठेवल्या गेल्या. परकीय कंपनीने यायचं ते बहुतेक वेळा चिनी भागीदार घेऊन, तंत्रज्ञान देऊन, माल निर्यात करून. जकात, चलन आणि बँका सरकारच्या मुठीत. युआन आजही मोकळेपणाने देशाबाहेर नेता येत नाही याची आर्थिक कारणं आहेत, पण तिजोरीची किल्ली बाहेरच्याच्या हाती दिली की काय होतं ही आठवण त्यांच्या मागे उभी आहे. तिथे पुरवठादाराशी करार करताना तंत्रज्ञानाच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ का जातो, हे मला या इतिहासाने समजलं.

आता १९५३. नवं सरकार चार वर्षांचं झालं होतं. जमीनदारांकडून घेतलेली जमीन शेतकऱ्यांच्या नावे नुकतीच वाटली गेली होती. त्यात लाखो जीव गेले होते. रशियाच्या मदतीने १५६ मोठे प्रकल्प उभारायचे होते आणि त्यासाठी पैसा हवा होता. तो शेतीतूनच येणार होता. म्हणून त्या वर्षाअखेरीस धान्याचा सगळा व्यापार सरकारने हातात घेतला. शेतकऱ्याने ठरावीक धान्य सरकारी भावाने द्यायचं, भाव कमी. शहरात तेच धान्य शिध्यावर स्वस्त मिळायचं, म्हणून कारखान्यात पगार कमी, म्हणून नफा जास्त, आणि तो नफा पुन्हा पोलाद आणि यंत्रांत. शेतकऱ्याच्या खिशातून कारखान्याकडे पैसा वळवायची ही सरळ योजना होती.

तिला एकच भोक होतं. शेतकरी उठून शहरात गेला तर? तो जात होताच. ९ जानेवारी १९५८ ला घरनोंदणीचे नियम कायदा म्हणून आले. यालाच हुकोऊ म्हणतात. प्रत्येक कुटुंबाची एक पुस्तिका, तिच्यात गाव, आणि शेती की बिगरशेती ही वर्गवारी. मुलाला नोंद आईची लागत असे. शहरातलं धान्य, घर, शाळा, दवाखाना, नोकरी सगळं त्या नोंदीवर. आपल्याकडे लातूरचा माणूस पुण्यात आला, भाड्याने राहिला, की मुलाला महापालिकेच्या शाळेत घालतो आणि पुढेमागे मतदारयादीतही नाव लावतो. त्याला कुणी परत जा म्हणत नाही. चीनमध्ये तसं होणं कायद्यानेच थांबवलं गेलं.

शेतकऱ्यांना वाटलेली जमीन १९५५-५६ मध्येच सामुदायिक शेतीत परत घेतली गेली होती; १९५८ मध्ये त्या शेतीसंस्था एकत्र करून सुमारे २६ हजार कम्यून, म्हणजे शेती आणि कारभार एकत्र चालवणारे मोठे समूह, झाले. महाझेपेची मोहीम सुरू झाली. पोलादाचं उत्पादन एका वर्षात दुप्पट करायचं, धान्याचे विक्रम मोडायचे. वरून आकडा मागितला जाई, खालून त्याहून मोठा दिला जाई. हेनान प्रांतातल्या शिन्यांग भागात १९५९ मध्ये पीक घटलं होतं, पण अधिकाऱ्यांनी भरघोस आल्याचं कळवलं. मग त्या कागदावरच्या पिकाच्या हिशेबाने सरकारी हिस्सा उचलायचा ठरला. हिस्सा पुरा होईना, तेव्हा शेतकऱ्यांनी धान्य लपवलंय असा आरोप ठेवून घरोघरी झडत्या घेतल्या, लोकांना मारहाण केली. रस्ते अडवले, पत्रं अडवली, कुणी बाहेर जाऊ नये आणि बातमीही जाऊ नये म्हणून. सुमारे ८० लाख वस्तीच्या त्या भागात दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि मारहाणीने गेली. देशभरात १९५९ ते १९६१ मध्ये किती गेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात. मेले ते बहुतेक धान्य पिकवणारे. शहरातले लोक खंगले, आजारी पडले, पण शिधा मिळत राहिल्यामुळे बहुतेक तगले. पुस्तिकेत कोणता शिक्का आहे यावर जगणं-मरणं ठरलं. चीनबद्दल कौतुकाने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तरीही त्या तीस वर्षांचा हिशेब इथे संपत नाही. १९४९ मध्ये चीनमधलं सरासरी आयुर्मान सुमारे ३५ वर्षं होतं, १९८० च्या सुमारास ते ६५ च्या पुढे गेलं. गावोगावी जुजबी शिक्षण घेतलेले, अर्धा वेळ शेतात राबणारे ‘अनवाणी डॉक्टर’ होते. लसी, बाळंतपण, जंताचं औषध एवढं ते नीट करत. १९८२ च्या जनगणनेत सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लिहिता-वाचता येत होतं. आपल्याकडे १९८१ मध्ये साक्षरतेचा आकडा ४३.६ टक्के होता. हाँगकाँगचे कारखानदार ऐंशीच्या दशकात यंत्रं घेऊन शेन्झेनला आले, तेव्हा त्यांना यंत्रावरची सूचना वाचणारी, निरोगी, स्वस्त मजूर पोरं-पोरी मिळाल्या. ती डेंग यांनी दोन वर्षांत तयार केलेली नव्हती.

माओकाळाचा आणखी एक वारसा क्वचितच बोलला जातो. माओंना बीजिंगच्या मंत्रालयांवर भरवसा नव्हता. १९५८ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये त्यांनी हजारो सरकारी कारखाने प्रांतांच्या आणि जिल्ह्यांच्या ताब्यात दिले. जिल्ह्याजिल्ह्यात स्वतःचा छोटा सिमेंट, खत, अवजारांचा कारखाना. कम्यूनमध्ये स्वतःची कार्यशाळा. रशियात एखादी वस्तू मॉस्कोतलं एक खातं सांभाळत असे आणि ते खातं अडलं की सगळा देश अडे. चीनमध्ये एका जिल्ह्याने काही नवं करून पाहिलं आणि फसलं, तरी बाकीच्यांचं गाडं थांबत नसे. कम्यूनच्या याच कार्यशाळा पुढे ग्रामीण उद्योग झाल्या. त्यांत १९७८ मध्ये २.८ कोटी लोक काम करत होते, १९९६ मध्ये साडेतेरा कोटी.

यीवूला आपल्याकडचे व्यापारी खेळणी, इमिटेशन ज्वेलरी, प्लास्टिकच्या वस्तू आणायला जातात. ते झेजियांगमधलं गरीब ठिकाण. तैवानसमोरचा प्रांत, युद्धाची भीती, म्हणून माओकाळात या भागात सरकारी कारखाने फारसे आलेच नाहीत. तिथले लोक गावोगाव हिंडून गुळाच्या वड्या देत आणि बदल्यात कोंबडीची पिसं घेत, ती खतासाठी. हा व्यापार बेकायदा होता. १९८२ मध्ये तिथला पक्ष-सचिव शिए गाओहुआ याने स्वतःच्या जबाबदारीवर बाजार भरवायला परवानगी दिली. बीजिंगमधून तसा कुठलाच आदेश नव्हता. फसलं असतं तर त्याची खुर्ची गेली असती. आज त्या बाजारात ७५ हजारांवर गाळे आहेत.

गावातला बदल असाच खालून आला. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात १८ कुटुंबांनी एका कागदावर लाल अंगठे उमटवले: जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा हिस्सा द्यायचा, उरेल ते आपलं. पकडले गेलो तर म्होरक्यांची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत गाव सांभाळेल, हेही त्यात होतं. फेंगयांग तालुक्यातलं हे गाव. दुष्काळात या तालुक्याने असंख्य माणसं गमावली होती, त्यामुळे त्या कलमाचं वजन सह्या करणाऱ्यांना ठाऊक होतं. सरकारने आधी दुर्लक्ष केलं, मग तीच पद्धत देशभर नेली आणि १९८४ पर्यंत कम्यून जवळजवळ संपले.

पण इथे बारकाईने पाहा. शेतकऱ्याला जमीन कसायला मिळाली, मालकीची मिळाली नाही. १९८२ च्या राज्यघटनेतलं दहावं कलम सांगतं की शहरातली जमीन राज्याची आणि गावातली गावसमूहाची. गावसमूहाच्या वतीने सही कोण करतो? बहुतेक ठिकाणी गावचा पक्ष-सचिव. शेतकऱ्याला जमीन विकता येत नाही, आणि ती गहाण टाकून शहरात दुकान थाटायलाही अनेक वर्षं बंदी होती. आणि हुकोऊही तसाच राहिला. शहरात येऊन काम करायला हळूहळू मुभा मिळाली, शहराचा नागरिक व्हायला नाही.

हे कारखान्यात कसं दिसतं ते सांगतो. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आधी दोन-तीन आठवडे ग्वांगडोंगमधले कारखाने रिकामे होऊ लागतात. आमच्यासारखे खरेदीदार डिसेंबरातच जास्तीचा माल उचलून ठेवतात. सुट्टीनंतर चौथा हिस्सा कामगार परत आलेला नसतो, नव्या हातांनी केलेला पहिला माल आम्ही दुप्पट तपासतो. एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी पाहणाऱ्या बाई मला अनेक वर्षं भेटत राहिल्या. काम इतकं चोख की त्यांचा शिक्का असला की आमचं पुण्यातलं तपासनीस खातं निर्धास्त असे. त्यांची मुलगी जियांगशीमधल्या खेड्यात आजी-आजोबांकडे वाढली. कारखान्याच्या शहरात शाळा मिळाली असती तरी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला तिला आपल्याच प्रांतात बसावं लागलं असतं आणि तिथलं पाठ्यपुस्तक वेगळं. बाई वर्षातून एकदा घरी जात. मुलगी बारावीला गेली त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि गावी परतल्या, कारण निदान ते शेवटचं वर्ष तिच्याजवळ राहायचं होतं. कारखान्याच्या मालकाने पगार वाढवून देऊ केला होता.

२०२० च्या जनगणनेत ६३.९ टक्के लोक शहरांत राहत होते, पण शहरी हुकोऊ होता ४५.४ टक्क्यांकडे. फरक काढला तर सुमारे २६ कोटी माणसं. शहर उभं करणारी, पण शहराच्या खर्चाच्या हिशेबात नसलेली. त्यांचं शिक्षण गावाने केलं, म्हातारपण गावानेच सांभाळायचं; शहराला मिळाली ती ऐन कामाची वर्षं. चिनी माल स्वस्त का, याचं यंत्रसामग्री आणि बंदरांइतकंच मोठं उत्तर हे आहे. २००३ मध्ये सुन झिगांग या २७ वर्षांच्या पदवीधराला ग्वांगझौत तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नसल्यामुळे पोलिसांनी उचललं आणि तीन दिवसांत तो कोठडीत मारहाणीने मेला. एवढा गदारोळ झाला की परवाना नसलेल्यांना पकडून गावी पाठवायची पद्धत त्याच वर्षी रद्द झाली. हुकोऊ रद्द झाला नाही. छोट्या शहरांत तो आता सहज मिळतो. बीजिंग-शांघायमध्ये गुणांची पायरी चढावी लागते, आणि ती मुख्यतः उच्चशिक्षितांसाठी आहे.

आता जमिनीकडे येतो, कारण गेल्या पाच वर्षांतल्या चीनच्या अडचणींचं मूळ इथे आहे.

ऐंशीच्या दशकात कर गोळा करायचे प्रांतांनी आणि ठरलेला वाटा वर द्यायचा, अशी पद्धत होती. प्रांत श्रीमंत झाले, केंद्र कोरडं पडलं. १९९३ मध्ये एकूण सरकारी महसुलातला केंद्राचा वाटा २२ टक्क्यांवर आला होता. तेव्हाचे उपपंतप्रधान झू राँगजी यांनी प्रांताप्रांतांत जाऊन वाटाघाटी केल्या आणि १९९४ पासून करवाटपाची नवी पद्धत आणली. मूल्यवर्धित कराचे ७५ टक्के केंद्राला. एका वर्षात केंद्राचा वाटा ५५ टक्क्यांच्या वर गेला. खर्चाची वाटणी मात्र बदलली नाही: शाळा, दवाखाने, निवृत्तिवेतन, रस्ते, पोलीस हे सगळं स्थानिक सरकारांकडेच राहिलं. कर्ज काढायलाही त्यांना तेव्हा कायद्याने बंदी होती.

मग त्यांनी काय विकायचं? जमीन. ती त्यांच्याच हातात होती. १ डिसेंबर १९८७ ला शेन्झेनमध्ये पहिला जाहीर लिलाव झाला होता, ५२ लाख ५० हजार युआनला. त्या दिवशी घटनेत त्याला परवानगीही नव्हती, घटना चार महिन्यांनी बदलली. घरासाठी ७० वर्षं, उद्योगासाठी ५०, व्यापारासाठी ४०, अशा वापरहक्काची विक्री. पद्धत अशी होती: गावसमूहाची शेतजमीन सरकारने संपादित करायची, भरपाई पिकाच्या उत्पन्नाच्या पटीत, मग ती राज्याची झाली की रस्ता-वीज आणून लिलावात बिल्डरला. दोन भावांमधला फरक शहराच्या तिजोरीत. औद्योगिक भूखंड मात्र जवळजवळ फुकट, कारण कारखाना आला की कर, नोकऱ्या आणि सचिवाच्या नावावर वाढीचा आकडा. आमच्या पुरवठादारांनी कारखाने हलवले ते बहुधा अशाच भूखंडांसाठी. नव्या तालुक्याचे अधिकारी जमीन, वीजजोडणी, सुरुवातीच्या वर्षांची करसवलत असा सगळा प्रस्ताव छापून घेऊन येत. बैठकीत मधल्या खुर्चीवर पक्ष-सचिव बसे आणि त्याच्या शेजारी तालुक्याचा कार्यकारी प्रमुख. प्रश्न मी कुणालाही विचारला तरी उत्तराआधी सगळ्यांची नजर मधल्या खुर्चीकडे जाई.

कर्जबंदीवरही तोड निघाली. स्थानिक सरकारने एक कंपनी काढायची, तिच्या नावावर जमीन करायची, आणि कर्ज कंपनीने काढायचं. २००८ च्या जागतिक मंदीत केंद्राने ४ लाख कोटी युआनचं पॅकेज आणलं, तेव्हा अशा कंपन्यांचं पेवच फुटलं. मेट्रो, पूल, विमानतळ झाले ते याच पैशावर, आणि त्यातलं बरंचसं खरोखर कामाचं आहे हे नाकारू नये. नुकसान झालं ते जमीन गेलेल्या शेतकऱ्याचं. २०११ मध्ये ग्वांगडोंगच्या वुकान गावाने जमीनविक्रीविरुद्ध अख्खं गाव बंद करून पक्षाच्या अधिकाऱ्यांना हाकललं. अशा घटना देशभर घडत होत्या, जगाला वुकान दिसलं एवढंच.

२०२१ मध्ये जमीनविक्रीतून स्थानिक सरकारांना ८.७ लाख कोटी युआन मिळाले. त्याच वर्षाअखेरीस एव्हरग्रांड ही ३०० अब्ज डॉलरच्या देण्याखाली दबलेली बांधकाम कंपनी कर्जफेड करू शकली नाही, कारण २०२० मध्ये केंद्रानेच बिल्डरांच्या कर्जावर मर्यादा आणली होती. २०२४ मध्ये जमीनविक्रीचे ४.९ लाख कोटीही आले नाहीत. शहरी कुटुंबांची निम्म्याहून जास्त संपत्ती घरात अडकलेली आहे, घराचे भाव उतरताहेत, लोक खर्च करायला धजावत नाहीत. कुटुंबांचा खर्च चीनच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपासच असतो. आपल्याकडे तो ६० टक्क्यांच्या घरात आहे. मग कारखान्यातला माल जाणार कुठे? बाहेर. सौर पॅनेल आणि विजेच्या गाड्या जगभर स्वस्तात ओतल्या जातात त्यामागे हे आहे. प्रत्येक प्रांताला स्वतःचा गाडीचा कारखाना हवा आणि तोट्यात गेला तरी सचिव तो बंद पडू देत नाही. माओकाळात जिल्ह्याजिल्ह्याने सिमेंटचे कारखाने काढले, त्याचीच ही आवृत्ती आहे, तंत्रज्ञान मात्र जगातलं अव्वल.

सचिवाचा विषय निघालाच आहे तर राजकीय वारशाचा गाभा सांगतो. त्याची बढती पक्षाचं वरचं संघटन खातं ठरवतं, मतदार नाही. म्हणून तो वर पाहतो. वरून वाढीचा आकडा मागितला की वाढ आणतो, प्रदूषण कमी करायला सांगितलं की कारखाने एका रात्रीत बंद करतो, साथ रोखायला सांगितलं की अख्खी शहरं कुलूपबंद करतो. यातून कामं अफाट वेगाने होतात, आणि आकडेही फुगतात. जानेवारी २०१७ मध्ये लियाओनिंगच्या गव्हर्नरनेच कबूल केलं की प्रांताने २०११ ते २०१४ मध्ये महसुलाचे आकडे खोटे दिले होते. शिन्यांगइतकी जीवघेणी ही गोष्ट नाही, पण घडते त्याच रीतीने. खालून खरं सांगणारं वृत्तपत्र नाही, निवडणूक नाही, न्यायालय पक्षाच्या हाताखाली.

माओ गेल्यावर पक्षाने स्वतःच्या भूतकाळाचं काय करायचं हे जून १९८१ च्या ठरावात लिहून ठेवलं: माओंनी १९६६ मध्ये सुरू केलेली सांस्कृतिक क्रांती ही गंभीर चूक, पण माओंचं कार्य मोठं आणि चुका दुय्यम. डेंग यांना दुसरा पर्यायच नव्हता. रशियाला क्रांती करणारा लेनिन आणि दडपशाही करणारा स्टालिन वेगळे होते, इथे दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या. त्याबरोबर १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्षाला दोन मुदतींची मर्यादा आणि म्हाताऱ्या नेत्यांना निवृत्ती आली. १९८९ मध्ये निदर्शकांवर रणगाडे बीजिंगच्या तिआनमेन चौकात आले, तेव्हा सैन्य देशाचं नसून पक्षाचं आहे ही १९२९ पासूनची व्यवस्था जगाने पाहिली. त्यानंतर पक्षाने लोकांना आपली बाजू सांगण्यासाठी वर्गलढा बाजूला ठेवला आणि १८४२ पासूनचं ‘अपमानाचं शतक’ पुढे आणलं. १९९४ पासून शाळा आणि संग्रहालयांतून देशभक्तीचं शिक्षण पद्धतशीर सुरू झालं. आज चाळिशीच्या आत असलेला प्रत्येक चिनी अभियंता त्यातून गेला आहे. माझे तिथले तरुण सहकारी १८४२ आणि १९०१ च्या तहांची कलमं सांगू शकतात. १९५९ बद्दल घरात आजीने सांगितलं असेल तेवढंच.

शी जिनपिंग यांच्या घरात हा सगळा इतिहास घडला. वडील शी झोंगशुन १९६२ मध्ये पदच्युत झाले; १९७८ मध्ये ग्वांगडोंगचे प्रमुख म्हणून परतले आणि विशेष विभागांसाठी त्यांनीच बीजिंगकडे अधिकार मागितले. मुलगा १९६९ मध्ये पंधराव्या वर्षी शान्शीतल्या लियांगजियाहे गावी गुहेतल्या घरात राहायला पाठवला गेला. अशा घरातला माणूस पक्षाची पकड सैल करील असं २०१२ मध्ये अनेकांना वाटलं होतं. त्यांनी त्या अनुभवातून उलटा अर्थ काढला असं मला दिसतं: पक्ष विस्कटला की काय होतं ते पाहिलं, तर पक्ष घट्ट करा. जानेवारी २०१३ मध्येच त्यांनी सांगितलं की १९७८ च्या आधीच्या काळाने नंतरचा, किंवा नंतरच्याने आधीचा काळ नाकारायचा नाही. मार्च २०१८ मध्ये मुदतीची मर्यादा २,९५८ विरुद्ध २ मतांनी गेली. ‘डेंगनी माओ पुसला’ या समजुतीला खुद्द पक्षच दुजोरा देत नाही.

मग आता पुढे काय, असं विचाराल तर मी तीन ठिकाणी नजर ठेवीन आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटते आहे. १९८० नंतरच्या एका मुलाच्या धोरणाचा त्यात हात आहेच, पण जननदर सत्तरच्या दशकातच साडेपाचाच्या वरून तिनाच्या खाली आला होता हे लक्षात घ्यावं. ऐंशी-नव्वदच्या दशकात शेन्झेनला आलेली पिढी आता साठीला टेकली आहे. तिच्यातल्या बहुतेकांना गावचं निवृत्तिवेतन मिळतं, महिन्याला सरासरी २०० युआनच्या आसपास. शहरातल्या निवृत्त कामगाराला त्याच्या दहापटीहून अधिक. लोकांनी खर्च वाढवावा असं सरकार म्हणतं. त्यासाठी या माणसांना निवृत्तिवेतन, शहरात घरनोंद आणि त्यांच्या नातवंडांना शाळा द्यावी लागेल. तो खर्च १९९४ च्या वाटणीप्रमाणे स्थानिक सरकारांचा आहे आणि त्यांची जमीन आता विकली जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीजिंगने १० लाख कोटी युआनची मोठी योजना जाहीर केली, तेव्हा मी ती ओळ न ओळ वाचली. सगळी रक्कम स्थानिक सरकारांची लपलेली जुनी कर्जं उजळ रोख्यांत बदलण्यासाठी होती. गावाकडे परतलेल्या कामगारासाठी तीत एक युआनही नव्हता, आणि करवाटप जिथल्या तिथेच ठेवलं होतं.